हंसांच्या रांगेतली जागा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तेरा वर्षांची, चार वर्षं बॅले शिकते आहे. क्लासबाहेर थांबलेल्या कुणा पालकांनी बोलता बोलता म्हटलं की बॅले हा गोऱ्यांचा नाच, सावळ्या मुलींना तो शोभत नाही. मुलीने घरी येऊन शोधलं, तर सगळीकडे एकच नाव सापडलं: मिस्टी कोपलँड, २०१५. म्हणजे त्याआधी कृष्णवर्णीय बॅलेरिना नव्हत्याच का? आणि नव्हत्या तर का?

होत्या. आधी एवढं मुलीला सांगून टाका, मग पुढचं निवांत वाचा. मी मुंबईत बावीस वर्षं बॅले शिकवते आणि 'शोभत नाही' हे मुलींच्या आयांकडून, आज्यांकडून, एकदा तर एका स्पर्धेच्या परीक्षकाकडूनही ऐकलं आहे. त्यामुळे उत्तर लांबणार. तळाशी विचारलेलं शूजचं, म्हणजे सावळ्या पायाला जुळणारे कुठून आणायचे, ते शेवटी बघू.

कोपलँड नेमकी कशात पहिली, ते आधी बघू. बॅले कंपनीत उतरंड असते. सगळ्यात खाली कोर द बॅले, म्हणजे समूह. त्यावर सोलोइस्ट आणि सगळ्यात वर प्रिन्सिपल. न्यूयॉर्कची अमेरिकन बॅले थिएटर ही कंपनी १९४० साली रंगमंचावर आली. ३० जून २०१५ रोजी कोपलँड तिथे प्रिन्सिपल झाली. त्या कंपनीच्या पाऊणशे वर्षांत या पदावर पोहोचलेली ती पहिली आफ्रिकी-अमेरिकी स्त्री. बातमी फिरता फिरता 'त्या कंपनीतली' हे शब्द गळून गेले आणि नुसतं 'पहिली' उरलं. डेब्रा ऑस्टिन पेनसिल्व्हेनिया बॅलेमध्ये १९८२ सालीच प्रिन्सिपल झाली होती. लॉरेन अँडरसन ह्यूस्टन बॅलेमध्ये १९९० साली झाली आणि २००६पर्यंत तिने तिथे नायिकेच्या भूमिका केल्या. तिचे पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक शूज, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

बढतीच्या आठवडाभर आधी कोपलँडने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये 'स्वान लेक' या बॅलेतली हंसराणी, म्हणजे मुख्य भूमिका, केली. पडदा पडल्यावर फुलं घेऊन दोघीजणी मंचावर आल्या. एक अँडरसन, दुसरी ऐंशी वर्षांची रेव्हन विल्किन्सन. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलींना मी इतिहास सांगते तो या दुसऱ्या बाईंपासून.

विल्किन्सनचा जन्म १९३५चा, न्यूयॉर्कचा. वडील दातांचे डॉक्टर. बॅले रूस द मोंते कार्लो या कंपनीसाठी तिने तीनदा निवडचाचणी दिली आणि १९५५ मध्ये, विसाव्या वर्षी, ती आत गेली. ही कंपनी बसमधून अख्खी अमेरिका पालथी घालायची. तिचा वर्ण उजळ होता, मंचावर पावडरीचा थर चढायचा, त्यामुळे पहिली एक-दोन वर्षं वंशभेदाचे कायदे असलेल्या दक्षिणेतल्या राज्यांतही निभावून गेलं. पण कुणी तोंडावर विचारलंच तर आपण कृष्णवर्णीय आहोत हे नाकारायचं नाही, असं तिने स्वतःपुरतं ठरवलं होतं. अटलांटातल्या एका हॉटेलात तसं विचारलं गेलं. ती खरं बोलली आणि तिला सामानासकट कृष्णवर्णीयांच्या टॅक्सीतून कृष्णवर्णीयांच्या हॉटेलात जावं लागलं. कंपनी इकडे, ती तिकडे. पुढे अलाबामातल्या माँटगोमेरीला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेची माणसं थेट मंचावर घुसली आणि ती कोण म्हणून विचारू लागली. सोबतच्या नर्तकांपैकी कुणीही तिच्याकडे बोट दाखवलं नाही. हॉटेलच्या जेवणघरात बायकामुलांसह आलेली कुटुंबं बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांचे पांढरे झगे नि टोप्या रचून ठेवल्या होत्या, ही आठवण ती म्हातारपणीही सांगायची.

गोष्ट सांगणारे बहुधा क्लॅनपाशी थांबतात. शिक्षिका म्हणून मला त्यापेक्षा पुढचा भाग जास्त बोचतो. कंपनीतल्या बॅले मिस्ट्रेसने, म्हणजे रोज तालीम घेणाऱ्या बाईंनी, तिला सांगितलं की तू इथे जेवढी वर जाऊ शकत होतीस तेवढी गेलीस, पांढरा हंस काही कृष्णवर्णीय असू शकत नाही, तू आता आफ्रिकी नृत्याची शाळा काढ. मुखवटेवाल्या गुंडांना कंपनीने दाद दिली नव्हती. हे मात्र आतून आलं होतं, काळजीच्या सुरात. १९६१ मध्ये विल्किन्सनने कंपनी सोडली, काही महिने कॉन्व्हेंटमध्ये राहिली. पुढे सिल्व्हेस्टर कॅम्पबेल या कृष्णवर्णीय नर्तकाच्या सांगण्यावरून ती १९६७ मध्ये हॉलंडला गेली आणि डच नॅशनल बॅलेमध्ये सात वर्षं नाचली. स्वतःच्या देशात जी जागा नव्हती ती परक्या देशात मिळाली.

आता 'का' या प्रश्नाकडे वळते. यात एक तांत्रिक मेख आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. बॅलेमध्ये कृष्णवर्णीय स्त्रीला सर्वांत अवघड जागा कोणती, असं विचारलं तर लोक म्हणतील राणीची. माझ्या मते अवघड जागा समूहातली. 'स्वान लेक'च्या दुसऱ्या अंकात हंस एकामागून एक येतात, वीस-चोवीस मुली, एकच उंची, एकच मान, एकच हात. डोळ्याला खुपेल असं काही नको, हा तिथला धर्म. एखादी पाहुणी नायिका वेगळी दिसली तर प्रेक्षक ते वेगळेपण म्हणून पचवतात, रांगेत वेगळी दिसलेली मुलगी मात्र 'चूक' ठरते. आणि कंपनीत शिरायचं दार तर रांगेतूनच आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी समूहात जागा मिळाली नाही, तर पंचविसाव्या वर्षी राणी व्हायचं कुठून?

बरं, हा पांढरेपणा आला कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधून. 'ला सिल्फिद' हा बॅले १८३२चा, 'जिझेल' १८४१चा. गॅसच्या दिव्यांच्या निळसर उजेडात पांढऱ्या तलम झग्यांतल्या मुली चांदण्यातल्या आत्म्यांसारख्या दिसायच्या, म्हणून हा 'श्वेत बॅले'. पांढरं होतं ते कापड. पुढच्या पिढ्यांनी कापडाचा रंग कातडीला चिकटवला. आपल्या गोष्टींतली भुतंही पांढऱ्या साडीत येतात, पण ती गोरीच असली पाहिजेत असा हट्ट कुणी धरलेला मी ऐकला नाही.

दुसरं कारण शिकण्याच्या संधीचं. बॅलेचं शरीर आठ-दहा वर्षांत घडतं आणि सुरुवात आठव्या-नवव्या वर्षी व्हावी लागते. अमेरिकेत त्या वयात कृष्णवर्णीय मुलांना चांगल्या वर्गांची दारं बंद होती. म्हणून मला या इतिहासातले खरे शूर वाटतात ते शाळा काढणारे. बोस्टनमध्ये डोरिस जोन्सला बॅलेच्या वर्गात घेईनात, तेव्हा तिने टॅप शिकवायचं आणि बदल्यात बॅले शिकायचं असा सौदा केला. तिने आणि क्लेअर हेवूडने १९४१ मध्ये वॉशिंग्टनला शाळा सुरू केली. वर सांगितलेला सिल्व्हेस्टर कॅम्पबेल तिथलाच. फिलाडेल्फियात मॅरियन क्युजे होती. गोरी समजून तिला एका कंपनीत घेतलं होतं, पण तिच्या कृष्णवर्णीय मैत्रिणी भेटायला आल्या आणि बिंग फुटलं. बाहेर पडून तिनेही पुढे शाळा काढली. तिची विद्यार्थिनी जोन मायर्स ब्राउन हिने १९७० मध्ये फिलाडॅन्को ही कंपनी उभी केली. या बायकांची नावं पोस्टरवर सापडत नाहीत. शिक्षकांचं असंच असतं, असो.

जॅनेट कॉलिन्सची गोष्ट या दोन्ही कारणांचा दाखला आहे. १९१७ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेली, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली. पंधरा-सोळा वर्षांची असताना तिने लेओनिद मासीन या मोठ्या नृत्यरचनाकारासमोर चाचणी दिली. तिचं नृत्य संपल्यावर बाकीच्या उमेदवारांनी टाळ्या वाजवल्या. मासीनने सांगितलं की घेता येईल, पण चेहऱ्याला पांढरा रंग लावावा लागेल. ती नाही म्हणाली आणि परतली. १९५१ मध्ये तिला मेट्रोपॉलिटन ऑपेराने पहिली कृष्णवर्णीय मुख्य नर्तकी म्हणून घेतलं, तेव्हा रंग लावायची अट नव्हती. पण 'आयडा', 'कार्मेन' यांसारख्या ऑपेरांमधली ती एकटीची नृत्यं, रांग नव्हतीच. आणि ऑपेरा दक्षिणेच्या दौऱ्यावर गेला की काही शहरांत तिच्या जागी दुसरी नाचायची. कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन त्याच मंचावर पहिल्यांदा गायली ती जानेवारी १९५५ मध्ये, म्हणजे नर्तकी गायिकेच्याही आधी पोहोचली होती. हे फार कमी जणांच्या ध्यानात असतं.

पुरुषांची वाट थोडी सोपी. सोपी म्हणजे सुखाची नव्हे. मुलगे सगळीकडेच कमी असतात, कंपन्यांना उड्या मारणारे आणि उचलणारे हवेच असतात, आणि 'नाजूक राजकन्या' या चित्रात पुरुषाला बसायचं नसतं. हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेला आर्थर मिचेल १९५५ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेत आला आणि १९६२ मध्ये प्रिन्सिपल झाला. मध्ये १९५७चा डिसेंबर आहे. त्या कंपनीचा नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन याने स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावर 'आगोन' बसवलं. बाराच नर्तक, कथा नाही, नेपथ्य नाही, अंगावर तालमीचे काळे-पांढरे कपडे. त्यातला युगुलनाच त्याने मिचेल आणि डायना अ‍ॅडम्स यांना दिला. ती व्हर्जिनियाची, गोरी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आर्कान्साच्या लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला सैन्य बोलवावं लागलं होतं.

तो युगुलनाच एकदा नीट बघा. तिचं मनगट त्याच्या हातात, तिचा पाय त्याच्या मानेमागून वळलेला, एका क्षणी तो जमिनीवर उताणा आणि ती वर एका टोकावर, तोल त्याच्या हाताच्या आधाराने. बॅलन्शीनने दोघांच्या त्वचेचा फरक रचनेतच गुंफला होता, झाकला नव्हता. रांगेत ज्याला 'खुपणं' म्हणत होते त्याचीच त्याने रेषा केली. अमेरिकी दूरचित्रवाणीवर हा नाच पोहोचायला मात्र १९६८ साल उजाडावं लागलं.

त्याच वर्षीच्या ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिचेल तेव्हा ब्राझीलमध्ये राष्ट्रीय बॅले कंपनी उभारायच्या कामाला निघाला होता. बातमी ऐकून त्याने मनाशी प्रश्न केला की हे काम मी हार्लेममध्ये का करत नाही? त्या उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये वर्ग सुरू झाला, तीस मुलांचा. उकाडा म्हणून दार उघडं ठेवलं. रस्त्यावरून जाणारी मुलं डोकावायला लागली आणि दोन महिन्यांत आकडा चारशेवर गेला. मुलग्यांना टाइट्सची, म्हणजे पायांना घट्ट बसणाऱ्या पातळ विजारीची, लाज वाटते हे ओळखून त्याने कापलेल्या जीन्स चालवून घेतल्या. मला हे फार आवडतं. आधी पोरगं बारपाशी, म्हणजे सरावाच्या दांड्यापाशी, उभं राहू दे, टाइट्सचं नंतर बघू. आपले गुरू कारेल शूक यांच्या साथीने त्याने १९६९ मध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेमची रीतसर स्थापना केली आणि रांगेचा प्रश्न मुळातूनच बदलला. रांगच कृष्णवर्णीय असेल तर खुपणार कोण?

इथे टाइट्सबद्दल थांबायला हवं. बॅलेचे गुलाबी टाइट्स आणि गुलाबी शूज युरोपी कातडीच्या जवळ जाणारे म्हणून आले. कमरेपासून अंगठ्यापर्यंत पाय एक अखंड रेषा दिसावा, एवढाच हेतू. सावळ्या अंगावर तेच गुलाबी टाइट्स घातले की रेषा मांडीपाशी तुटते आणि पाय आखूड दिसतो. मग परीक्षक म्हणणार, 'हिची लाइन चांगली नाही.' दोष कापडाचा, गुण कमी मुलीचे! हार्लेमच्या कंपनीने १९७० च्या दशकात प्रत्येकीच्या त्वचेशी जुळणारे टाइट्स आणि शूज सुरू केले. तो तत्त्वाचा निर्णय तर होताच, पण माझ्या लेखी तो आधी तंत्राचा निर्णय आहे.

या कंपनीचं माझं सर्वांत लाडकं काम म्हणजे १९८४ची 'क्रिओल जिझेल'. पावलं जुनीच, पण गाव जर्मनीतलं न ठेवता लुइझियानातलं, काळ १८४०च्या दशकाचा, माणसं गुलामगिरीतून सुटलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय समाजातली. त्या समाजात प्रतिष्ठा ठरायची ती घराणं गुलामगिरीपासून किती पिढ्या दूर आहे त्यावरून. उच्च कुळातला तरुण खालच्या घरातल्या मुलीला फसवतो, ही मूळ कथा त्या चौकटीत इतकी चपखल बसते की ती तिथलीच वाटावी. जिझेल होती व्हर्जिनिया जॉन्सन, जिला शाळा संपताना 'शास्त्रीय कंपनीत तुला कुणी घेणार नाही' असं ऐकवलं गेलं होतं.

२००४ मध्ये कर्जापायी ही कंपनी बंद पडली, शाळा तेवढी चालू राहिली. जॉन्सनच्या नेतृत्वाखाली कंपनी पुन्हा उभी राहिली ती २०१२ मध्ये. मधली आठ वर्षं महत्त्वाची आहेत. त्या काळात तिशीच्या आतल्या मुलींना समोर कुणी दिसत नव्हतं, आणि २०१५ मध्ये कोपलँड 'पहिली' वाटली त्याचं निम्मं कारण मला यात दिसतं. बाकी कोपलँडच्या मेहनतीत शंका नाही. तेराव्या वर्षी उशिरा सुरुवात, सुमारे ऐंशी नर्तकांच्या कंपनीत जवळपास दशकभर एकमेव कृष्णवर्णीय स्त्री, २०१२ मध्ये 'फायरबर्ड'च्या वेळी नडगीच्या हाडाला सहा भेगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने कंपनीचा निरोप घेतला.

युरोपचं थोडक्यात सांगते. हवानाच्या ट्रकचालकाचा मुलगा कार्लोस अकोस्टा १९९० मध्ये लोझानच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला, १९९८ पासून लंडनच्या रॉयल बॅलेत गाजला आणि २०२० पासून बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक आहे. सिएरा लिओनच्या यादवीत अनाथ झालेल्या मिकेला डीप्रिन्सला अनाथाश्रमाच्या फाटकाशी उडत आलेल्या मासिकावर एक बॅलेरिना दिसली. ते चित्र तिने जपलं, अमेरिकेत दत्तक गेल्यावर बॅले शिकली आणि २०१३ पासून विल्किन्सनच्याच डच नॅशनल बॅलेत नाचली. आठव्या वर्षी तिला 'नटक्रॅकर'मधली मुख्य मुलगी होऊ दिलं नव्हतं, अमेरिकेची अजून तयारी नाही या सबबीवर. २०२४ मध्ये ती अवघ्या २९व्या वर्षी गेली. पॅरिस ऑपेरात २०२० मध्ये पाच कृष्णवर्णीय नर्तकांनी त्वचेच्या रंगाचे टाइट्स-शूज आणि तोंडाला काळं फासून नाचण्याची प्रथा बंद करण्याची मागणी लेखी केली. त्यांच्यातला गियोम दिओप मार्च २०२३ मध्ये 'एत्वाल' झाला, म्हणजे तिथलं सर्वोच्च पद, आणि तेही 'जिझेल' नाचल्यावर, सोलच्या दौऱ्यात. तो पुरुष आहे, हे पुन्हा लक्षात घ्या. रांगेतल्या मुलीचं काय? क्लोए लोपेस गोम्स २०१८ मध्ये बर्लिनच्या राज्य बॅलेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली आणि २०२० मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की 'स्वान लेक'च्या समूहात नाचताना तिला पांढरी पावडर लावायला सांगितलं गेलं. मासीन आणि कॉलिन्सच्या त्या चाचणीला तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षं होत आली होती.

एक सावधगिरीची गोष्ट. आपल्याकडचं गोरेपणाचं वेड आणि अमेरिकेतला वंशभेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मुलीला कुणी हॉटेलातून बाहेर काढलेलं नाही, तेव्हा विल्किन्सनचं दुःख तिच्या गळ्यात घालू नका. नावं मात्र सगळी सांगा. आणि त्या पालकांना उत्तर द्यायचंच असेल तर 'आगोन'चा व्हिडिओ पाठवा, भांडण नको.

शेवटी शूज, कारण तुम्ही प्रश्नाच्या तळाशी तेही विचारलं आहे. लंडनच्या फ्रीड या कंपनीने २०१८ मध्ये 'बॅले ब्लॅक' या नृत्यसंस्थेच्या सोबतीने तपकिरी छटांचे पॉइंट शूज आणले. इतर काही कंपन्यांचेही मिळतात, पण आपल्याकडे मागवायला महाग पडतात. शिक्षिकेने तिला पॉइंटवर घेतलं असेल तर गुलाबी शूज घरीच रंगवा, आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो. मॅट फाउंडेशन तिच्या चेहऱ्याला नव्हे, पावलाच्या वरच्या भागाला जुळवून घ्या. त्यात थोडं कॅलामाइन लोशन मिसळलं की सॅटिनची चकाकी मरते. स्पंज जवळजवळ कोरडा ठेवा, पातळ दोन हात द्या. पुढची कडक पेटी ओली झाली की ती मऊ पडते आणि शूज वाया जातात. फिती आणि इलॅस्टिक आधी सोडवून वेगळे रंगवा, नाहीतर घोट्याशी गुलाबी पट्टा उरतो. टाइट्स कडक चहाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून बघा, आणि पहिला प्रयोग जुन्या जोडीवर करा.